शिवणयंत्रे, चामडे व लेपित पट्ट्यांची

कमावलेले चामडे, कृत्रिम चामडे, तसेच नायलॉन वा पॉलिएस्टर तंतूंच्या विणलेल्या व प्लॅस्टिकचा लेप दिलेल्या जाड पट्ट्या शिवण्यासाठी वापरण्यात येणारी यंत्रे. पादत्राणे, दप्तरे, प्रवासी पेट्या, कमरपट्टे, घोड्याचे खोगीर व इतर साज, वाहनांच्या बैठका, माल बांधण्याचे पट्टे आणि उंचावर काम करणाऱ्यांचे सुरक्षा पट्टे यांच्या निर्मितीत त्यांचा उपयोग होतो. त्यांचे मूलभूत तत्त्व कापडाच्या शिवणयंत्रासारखेच आहे [⟶ शिवणयंत्र]. परंतु शिवावयाच्या द्रव्याचे स्वरूप निराळे असल्याने यंत्राची रचना, सुई, दोरा व जुळणी या सर्व बाबतींत महत्त्वाचे फरक करावे लागतात.

कापड हे उभ्या-आडव्या धाग्यांचे बनलेले असते. सुई धाग्यांच्या मधून जाते आणि ती बाहेर आल्यावर धागे बव्हंशी पूर्ववत जवळ येतात. चामडे विणलेले नसून एकमेकांत गुंतलेल्या सूक्ष्म तंतूंच्या जाळ्याचे बनलेले असते. त्यात सुईने पाडलेले छिद्र कायमचे राहते. प्लॅस्टिकच्या लेपाचेही तसेच आहे. चुकलेली टीप उसवली, तरी तिची छिद्रे राहतात व ती द्रव्य कमकुवत करतात. यामुळे या कामात यंत्राची निवड आणि जुळणी प्रत्यक्ष शिवणीपूर्वीच अचूक असणे आवश्यक असते. या यंत्रांच्या रचनेतील बहुतेक वैशिष्ट्यांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

इतिहास : शिवणयंत्राच्या इतिहासाचा आरंभच चामड्यापासून होतो. टॉमस सेंट या इंग्रज कारागिराने १७९० मध्ये पादत्राणे शिवण्याच्या यंत्राचे एकस्व (पेटंट) घेतले. त्यात प्रथम आरी छिद्र पाडी व नंतर खाच असलेली सुई दोरा आत ढकली. चर्मकाराच्या हातांतील आरी व सुई यांची कामे या यंत्रात जशीच्या तशी उतरविली होती. हे एकस्व अनेक दशके दुर्लक्षित राहिले व १८७० नंतरच्या दशकात न्यूटन विल्सन यांच्या ते दृष्टोत्पत्तीस आले. एलियस हौ यांनी १८४६ मध्ये अमेरिकेत टोकाजवळ नेढे असलेली सुई व धोटा यांचा उपयोग करणाऱ्या यंत्राचे एकस्व घेतले. आयझॅक सिंगर यांनी १८५१ मध्ये अधिक व्यवहार्य यंत्र तयार केले, तर ॲलन विल्सन यांनी फिरता हूक आणि चार गतींनी द्रव्य पुढे सरकविणारी दातेरी पट्टी या दोन महत्त्वाच्या सुधारणा केल्या.

पादत्राणाचा तळ वरच्या भागाला शिवण्याच्या यंत्राचे एकस्व लायमन ब्लेक यांना १८५८ मध्ये मिळाले. गॉर्डन मॅके यांनी त्याचे हक्क विकत घेऊन त्यात सुधारणा केल्या आणि अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) सैनिकांच्या बुटांसाठी त्याचा मोठा उपयोग झाला. त्यानंतरच्या दशकात वक्र सुई वापरून तळाभोवतीची चामड्याची पट्टी शिवणारी गुडइयर पद्धतीची यंत्रे प्रचारात आली. आरी आणि सुई असे दोन्ही भाग असलेली जड यंत्रे साज व तळ यांच्या कामासाठी पुढेही वापरात राहिली.

टाका : बहुतेक चर्मशिवण यंत्रे दोन दोऱ्यांचा बंद टाका (लॉकस्टिच) घालतात. वरचा दोरा सुईतून व खालचा बॉबिनमधून येतो आणि दोन्हींचा परस्परांत वेढा बसतो. हा वेढा द्रव्याच्या जाडीच्या मध्यावर असावा लागतो. तो पृष्ठभागावर आल्यास दोरा घासला जाऊन लवकर तुटतो. पातळ कापडात या वेढ्याला लपण्यास जागा नसते. जाड चामड्यात ती असते. मात्र तेथे घर्षण अधिक असल्याने वेढा आत ओढून घेण्यासाठी दोन्ही दोऱ्यांवर अधिक ताण द्यावा लागतो.

हाताने दोन सुयांनी घातलेली खोगिरी शिवण यापेक्षा वेगळी असते. तीत एकच दोरा दोन्ही टोकांनी प्रत्येक छिद्रातून आरपार जातो. त्यामुळे एक टाका झिजून तुटला, तरी शेजारचे टाके धरून राहतात. बंद टाक्यातील एक दोरा तुटल्यास शेजारचे टाके सैल होऊ लागतात. यंत्राने हातापेक्षा कितीतरी जलद काम होत असले, तरी उत्कृष्ट साज व पट्टे हाताने शिवण्याची प्रथा टिकून राहण्याचे हे एक कारण आहे.

द्रव्य सरकविण्याच्या पद्धती : यंत्राची निवड करताना सर्वांत आधी पाहावयाची बाब म्हणजे द्रव्य पुढे सरकविण्याची पद्धत. मोटरीची शक्ती किंवा यंत्राचे वजन यांचा विचार त्यानंतर येतो. पुढील पद्धती प्रमुख आहेत.

(१) केवळ दातेरी पट्टी : घरगुती व कापड कारखान्यांतील बहुतेक यंत्रांत खालची दातेरी पट्टी द्रव्य ढकलते व वरचा दाबपाय ते दाबून धरतो. चामडे किंवा लेपित पट्टी दाबपायाला चिकटते. त्यामुळे खालचा थर पुढे जातो व वरचा मागे राहतो. परिणामी शिवणीच्या शेवटी दोन थरांची टोके जुळत नाहीत. शिवाय दातांचे वळ खालच्या बाजूवर उमटतात. मऊ व पातळ चामड्याच्या दोन थरांपलीकडे ही पद्धत फारशी उपयोगी नाही.

(२) चाकाची पद्धत : दातेरी पट्टीऐवजी खाली बारीक दाते असलेले चाक व वर दाबपायाऐवजी लहान रूळ असतो. वळणदार कडेलगत टीप घालणे सोपे जात असल्याने पादत्राणांच्या वरच्या भागासाठी ही यंत्रे फार वापरली जातात. उंच पायऱ्यांवरून व अनेक थरांच्या जाडीवरून जाण्यास ती तितकी समर्थ नसतात.

(३) संयुक्त पद्धत : हीत सुई, दातेरी पट्टी व आतला वाहक पाय ही तिन्ही द्रव्याला धरून एकाच वेळी सारखे अंतर पुढे जातात. त्या वेळी बाहेरचा धारक पाय उचललेला असतो. मग धारक पाय खाली येऊन द्रव्य धरतो व वाहक पाय मागे परततो. सुई सर्व थरांत रुतलेली असतानाच द्रव्य सरकत असल्याने वरचा व खालचा थर एकमेकांवरून घसरत नाहीत. पिशव्या, बैठका, पट्टे व लेपित पट्ट्या यांसाठी हीच पद्धत सर्वांत विश्वसनीय ठरली आहे.

(४) वरून सरकविणारी पद्धत : बूट दुरुस्तीच्या लहान यंत्रात दाबपायच द्रव्य ओढतो व तो सर्व दिशांना फिरविता येतो. बारीक दंड बुटाच्या आतपर्यंत जात असल्याने ठिगळ लावण्यास हे यंत्र फार सोईचे असते. परंतु त्याची बॉबिन लहान असते व लांब, सरळ, एकसारखी टीप त्यावर साधणे कठीण असते. स्वस्त व आटोपशीर म्हणून ते पट्ट्यांच्या नियमित उत्पादनासाठी घेणाऱ्याची निराशा होण्याचा संभव असतो.

बैठकीचे प्रकार : ज्या भागावर द्रव्य ठेवून शिवतात त्याच्या आकारावरून सपाट, दंडाकार व खांबाकार असे तीन प्रकार पडतात. पट्टे, पाकिटे व सपाट पत्रे यांना सपाट बैठक योग्य असते. तयार आकाराच्या पिशव्या, नळकांडी वस्तू व घोड्याचा साज यांना दंडाकार बैठक लागते. बुटाचा वरचा भाग व टोप्या यांसारख्या खोलगट वस्तूंसाठी उंच खांबावरील बैठक सोईची पडते. दंडाकार यंत्रावर जोडपाट बसवून सपाट काम करता येते. परंतु सपाट यंत्रावर गोल वस्तू शिवता येत नाही.

सुई : सुईचा मेट्रिक क्रमांक तिच्या पात्याच्या व्यासाचे मिमी. मधील माप शंभरपट करून देतात. उदा., ११० क्रमांकाच्या सुईचा व्यास १·१० मिमी. असतो. व्यासाप्रमाणेच टोकाचा आकार महत्त्वाचा आहे. गोल टोक तंतू बाजूस सारते, तर चामड्यासाठीच्या सुयांचे टोक लहान पात्यासारखे असून ते छेद घेते. छेद टिपेच्या रेषेत असल्यास टाका सरळ दिसतो. पण टाके फार जवळ घातल्यास छेद एकमेकांना मिळण्याचा धोका असतो. छेद रेषेशी तिरपा असल्यास टाके किंचित कललेले व शोभिवंत दिसतात. छेद रेषेला काटकोनात असल्यास टाके अधिक जवळ घालता येतात. जाड व कठीण चामड्यासाठी त्रिकोणी टोक वापरतात.

विणलेल्या पट्ट्यांना मात्र छेद घेणारी सुई वापरू नये. पट्टीचे बळ तिच्या अखंड तंतूंत असते आणि छेदक टोक ते तंतू कापते. बाहेरून टीप निर्दोष दिसत असता पट्टी आतून दुर्बल झालेली असते. लेपित पट्टीलाही याच कारणाने गोल टोकाची सुई वापरतात. चामडे व पट्टी एकत्र शिवावयाची असल्यास भार वाहणाऱ्या पट्टीचा विचार प्रथम करावा लागतो.

दोरा : एक हजार मी. दोऱ्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे त्याचा टेक्स अंक होय. दोरा व सुई यांचा मेळ साधारणपणे पुढीलप्रमाणे असतो.

७० टेक्स : सुई ११०, मऊ चामडे, पाकिटे
९० टेक्स : सुई १२० ते १२५, पिशव्या, बैठका
१३५ टेक्स : सुई १४०, जाड पिशव्या, पट्ट्या
२१० टेक्स : सुई १६० ते १८०; कमरपट्टे
२७० टेक्स : सुई २००, साज, जड पट्टे

सुई आवश्यकतेपेक्षा बारीक असल्यास दोरा नेढ्यात व छिद्रात घासून त्याचे पदर सुटतात आणि वेढा आत ओढला जात नाही. ती फार जाड असल्यास छिद्रे मोठी राहतात. पदर परस्परांना रेझिनाने जोडलेला नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा दोरा या कामात सर्वत्र वापरतात. नायलॉन अधिक ताणला जातो व धक्का सोसतो, तर पॉलिएस्टर सूर्यप्रकाशात अधिक टिकतो. म्हणून उन्हात राहणाऱ्या पट्ट्यांसाठी पॉलिएस्टर पसंत करतात. बॉबिनमध्येही सामान्यतः त्याच जाडीचा दोरा ठेवतात.

टाक्याची लांबी : टाके जितके जवळ तितकी शिवण बळकट, हा कापडावरून झालेला समज चामड्याला मर्यादेपर्यंतच लागू पडतो. छिद्रे फार जवळ आल्यास ती टपाल तिकिटांच्या छिद्रित कडेसारखी होतात व ताण येताच चामडे त्याच रेषेत फाटते. बुटाच्या वरच्या भागाच्या बारीक शिवणीत टाका सु. २ ते २·५ मिमी., पिशव्यांत ३ ते ४ मिमी. व जाड पट्ट्यांत त्याहून मोठा ठेवतात. बंद टाक्याच्या शिवणीचे बळ अजमावण्यासाठी टाक्यांची संख्या, दोऱ्याचे भंगबल व १·५ यांचा गुणाकार करतात. उदा., १० किग्रॅ. भंगबलाच्या दोऱ्याचे १० टाके सु. १५० किग्रॅ. भार सोसतील. प्रत्येक टाक्यात दोऱ्याचे दोन पदर असूनही गुणक २ नसतो, कारण वेढ्यापाशी दोरा तीव्रपणे वाकतो व त्याचे बळ घटते. हा अंदाज फक्त दोऱ्याचा आहे. द्रव्य आधी फाटेल की काय, हे त्यावरून कळत नाही.

गती व शक्ती : ‘औद्योगिक’ या विशेषणावरून यंत्र जड कामाचे असल्याचा समज होतो, तो बरोबर नाही. मिनिटास चार-पाच हजार टाके घालणारे औद्योगिक यंत्र पातळ कापडासाठी असते. चामड्याला वेग नव्हे, तर कमी वेगात मोठा पीळ (आघूर्ण) लागतो. ५० हर्ट्‌झ विद्युत् प्रवाहावर चार ध्रुवांची मोटर मिनिटास सु. १,४४० फेरे करते. तिची कप्पी ५० मिमी. व यंत्राचे चाक १०० मिमी. व्यासाचे असल्यास मिनिटास ७२०, म्हणजे सेकंदास १२ टाके पडतात. वळणावरील नेमक्या कामाला ही गती फार होते. मध्ये एकास तीन प्रमाणाची कप्प्यांची जोडी घातल्यास गती सेकंदास चार टाक्यांवर येते व घर्षणाचा व्यय सोडता पीळ तिप्पट होतो. जुन्या क्लचच्या मोटरींची जागा आता बऱ्याच ठिकाणी गती नियंत्रित करता येणाऱ्या सर्व्हो मोटरींनी घेतली आहे. तरीही जड कामात वेग घटविणाऱ्या कप्प्या उपयुक्त ठरतात.

गतीचा संबंध उष्णतेशीही आहे. वेगाने चालणारी सुई घर्षणाने तापते. नायलॉन ६६ व पॉलिएस्टर सु. २५०° ते २६०° से. तापमानास, तर पॉलिप्रोपिलीन सु. १६५° से. तापमानास वितळते, पीव्हीसीचा लेप त्याहून कमी तापमानास मऊ पडतो. मऊ झालेला लेप सुईला चिकटतो, नेढे भरते व टाके सुटू लागतात. गती कमी करणे हा यावरील पहिला उपाय होय. दोऱ्याला सिलिकोन तेलाचा हलका हात देणे व सुई वेळोवेळी पुसणे हे त्यानंतरचे उपाय आहेत. लेपित द्रव्य दाबपायाला चिकटत असल्यास टेफ्लॉनचा पाय किंवा रूळ बसवितात.

जुळणी : जुळणी ठराविक क्रमाने करावी लागते, एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्यास दोषाचे कारण सापडत नाही.

प्रथम द्रव्यास योग्य अशी नवी सुई पूर्ण वर, योग्य दिशेने बसवितात. नंतर हूकची वेळ तपासतात. सुई सर्वांत खालच्या बिंदूपासून सु. २ ते २·५ मिमी. वर आली म्हणजे तिच्या खाचेजवळ दोऱ्याचा लहान फास तयार होतो. त्याच क्षणी हूकचे टोक नेढ्याच्या किंचित वर, सुईला जवळजवळ स्पर्श करीत, परंतु तिला न घासता जावे लागते. बारीक सुईवर जुळविलेल्या यंत्रात जाड सुई बसविल्यास हूकचे टोक तिच्यावर आपटू शकते. म्हणून सुईचा क्रमांक बराच बदलल्यावर हे अंतर हातचाक फिरवून पुन्हा पाहावे.

त्यानंतर दाबपायाचा दाब ठरवितात. येथे दोन परस्परविरुद्ध गरजांचा मेळ घालावा लागतो. दाब फार असल्यास चामड्याच्या गुळगुळीत बाजूवर कायमचे वळ उठतात. तो कमी असल्यास वर येणाऱ्या सुईबरोबर चामडेही उचलले जाते, दोऱ्याचा फास तयार होत नाही व टाका सुटतो. सुईबरोबर द्रव्य उचलले जाऊ नये इतकाच दाब योग्य समजावा. संयुक्त पद्धतीच्या यंत्रात दोन्ही पायांची उचल सर्वांत जाड पायरीइतकी ठेवतात. गरजेपेक्षा अधिक उचल ठेवल्यास यंत्र आपटते व गती मर्यादित होते.

शेवटी दोऱ्याचा ताण. आधी बॉबिनचा ताण दोरा एकसारखा व किंचित विरोधाने येईल असा ठरवावा आणि मग वेढा मध्यावर येईपर्यंत वरचा ताण बदलावा. वेढे खालच्या बाजूस दिसल्यास वरचा ताण कमी पडतो. वरच्या बाजूस दिसल्यास तो अधिक झालेला असतो. मात्र वेढे खाली दिसत असता ताण वाढवूनही फरक न पडल्यास दोष ताणात नसून सुई दोऱ्याच्या मानाने बारीक असण्याचा संभव असतो. ही चाचणी नेहमी त्याच जाडीच्या व त्याच प्रकारच्या तुकड्यावर घ्यावी. कापडावर जुळविलेला ताण चामड्याला उपयोगी पडत नाही.

शिवणीचा आरंभ व शेवट बळकट करण्यासाठी उलट टाके घालतात. ते आधीच्याच छिद्रांत पडले पाहिजेत, अन्यथा त्या ठिकाणी छिद्रांची संख्या दुप्पट होऊन चामडे दुर्बल होते. पुढचा व मागचा टाका सारख्या लांबीचा नसलेल्या यंत्रावर दोऱ्याची टोके मागे ओढून गाठ मारणे किंवा वितळवून बसविणे इष्ट असते. थरांच्या कडा रापीने तासून पातळ केल्यास पायरी कमी होते व यंत्रावरील ताण घटतो. हिरडा, बाभूळ इत्यादींतील टॅनिनांनी कमावलेल्या ओल्या चामड्याला लोखंडाचा स्पर्श झाल्यास काळे डाग पडतात. त्यामुळे यंत्राची बैठक कोरडी, स्वच्छ व गंजरहित ठेवणे जरूर असते.

यंत्राची निवड : यंत्र घेण्यापूर्वी आपल्या कामातील सर्वांत जाड जोड, सर्वांत जाड दोरा व वस्तूचा आकार या तीन गोष्टी निश्चित कराव्यात. मध्यम प्रतीची संयुक्त पद्धतीची यंत्रे सु. १० मिमी. पर्यंत व जड दंडाकार यंत्रे सु. २० मिमी. पर्यंत जाडी शिवू शकतात. पाय किती उंच उचलला जातो एवढ्यावरून शिवण्याची क्षमता ठरत नाही. तसेच जड यंत्राने पातळ काम चांगले होईलच असे नाही. त्याचे दाते व सुईपट्टीचे भोक मोठे असल्याने मऊ चामडे आत ओढले जाते. म्हणून पाकिटे व खोगिरे दोन्ही एकाच यंत्रावर करण्याचा आग्रह धरणे हितावह नसते. जुने यंत्र घेताना आपलेच चामडे, पट्टी व दोरा नेऊन त्यावर हातचाकाने सावकाश व नंतर मोटरीने शिवून पाहावे. सुईदांड्याची हालचाल, हूकच्या टोकाची झीज, उलट टाक्यांचा मेळ व सुया-बॉबिनची बाजारातील उपलब्धता तपासावी. लहान कारागिराची बरीचशी भांडवली रक्कम अशा एका यंत्रात गुंतत असल्याने या तपासणीला विशेष महत्त्व आहे.

भारतातील स्थिती : कानपूर हे साज व खोगिरांसाठी, आग्रा पादत्राणांसाठी, तर तमिळनाडूतील आंबूर, वाणियंबाडी व राणीपेट हा प्रदेश चामडे व पादत्राणांसाठी प्रसिद्ध आहे. मुंबईतील धारावी येथे पिशव्या, पाकिटे व पट्टे शिवणारे अनेक लहान कारखाने आहेत. चेन्नई येथील केंद्रीय चर्म संशोधन संस्था (स्थापना १९४८) चामड्याविषयी संशोधन व प्रशिक्षण देते. महाराष्ट्रात चर्मकारांच्या विकासासाठी १९७४ मध्ये राज्य शासनाने महामंडळ स्थापन केले. ते आज संत रोहिदास यांच्या नावाने ओळखले जाते. कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर तसेच कर्नाटकातील लगतच्या जिल्ह्यांत होणारी कोल्हापुरी चप्पल मात्र परंपरेने चामड्याच्याच वादीने हाताने शिवली जाते [⟶ चर्मोद्योग].

सुरक्षितता : ज्या पट्ट्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो, त्याची शिवण ही स्वतंत्र बाब आहे. अशा पट्ट्यांवर चौकोन व त्यातील फुली किंवा दाट आडव्या टाक्यांचे पट्टे अशा ठराविक आकृत्या घालतात, कारण त्यांमुळे भार अनेक टाक्यांवर विभागला जातो. दोरा पट्टीहून भिन्न रंगाचा ठेवल्यास तुटलेला किंवा घासलेला टाका चटकन दिसतो. औद्योगिक सुरक्षा पट्ट्यांसाठी भारतीय मानक ३५२१ लागू असून तयार पट्ट्यांची भाराखाली चाचणी घेतात. अशा पट्ट्याची टीप उसवल्यास ती सामान्य कारखान्यात पुन्हा शिवून वापरू नये. नव्या टिपेने जुनी छिद्रे बुजत नाहीत, उलट त्यांत भर पडते. आणि दिसावयास दुरुस्त झालेला पट्टा किती भार सोसेल, हे नुसते पाहून कोणालाही सांगता येत नाही.